खोटा नंबर

डेट्रॉइटहून उत्तरेला पॉन्टियाक गावाकडे जाणारा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता गाड्यांच्या वेडासाठी अमेरिकेत प्रसिद्ध आहे. साठच्या दशकात रात्री तिथे एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागत. १९६४ साली पॉन्टियाक कंपनीने टेंपेस्ट या मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं दांडगं इंजिन घालून जीटीओ काढली आणि बाकीच्या कंपन्या तिच्या मागे धावल्या. गाडी मधली, इंजिन थोरल्या गाडीचं आणि किंमत कमावत्या पोराला झेपेल इतकी, एवढाच मसल कारचा हिशेब. तो दहा वर्षंही टिकला नाही. पण हौस टिकली. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिला ड्रीम क्रूझ म्हणतात.

या जत्रेत आपलीही गाडी असावी असं एका पुणेकर इंजिनिअरच्या मनाने घेतलं. ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या डेट्रॉइटच्या उपनगरांत मोटारधंद्यामुळे मराठी माणसं बरीच आहेत, त्यांतलाच हा एक. गाड्यांचा आवाज आणि थरथर कमी करण्यात उभी नोकरी घातलेल्या माणसाला उतारवयात आवाज करणारी गाडी हवीशी वाटली, तर त्यात नवल नाही. त्याने १९६९ ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ घेतली. कंपनीच्या कागदावर तिची ताकद ३२५ अश्वशक्ती. अर्थात ती त्या काळच्या उदार मोजमापाची. तेव्हा पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर असलं काही न लावता नुसतं इंजिन टेबलावर चढवून मोजत. १९७२ पासून कंपन्या सगळं लटांबर जोडून आकडे देऊ लागल्या आणि तीच इंजिनं कागदावर रातोरात अशक्त झाली.

गाडी विकणाऱ्याने दोन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. एक, इंजिन नुकतंच केलेलं आहे. दोन, गाडी ‘मॅचिंग नंबर्स’ आहे. म्हणजे कारखान्यातून निघताना जे इंजिन तिच्यात होतं, तेच आजही आहे. शेव्हरोलेच्या या इंजिनांवर उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकची एक छोटी सपाट जागा उघडी असते. तिथे कारखान्याची खूण, इंजिन जुळवल्याची तारीख आणि गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे पंच केलेले असतात. ते गाडीशी जुळले की किंमत हजारो डॉलरने वर जाते. आपल्या गृहस्थाने ते टॉर्च मारून वाचले, जुळले, आणि पैसे मोजले.

इंजिन ‘नुकतंच केलेलं’ असल्याची बातमी पहिल्याच उन्हाळ्यात खोटी ठरली. मागून निळा धूर, आणि गरम झाल्यावर सिग्नलला उभं राहिलं की ऑइल प्रेशरचा काटा झोपायचा. बेअरिंगं गेली होती, रिंगा गेल्या होत्या. इंजिन उघडणं आलं.

आता, इंजिन करून देणारा भरवशाचा माणूस शोधणं अवघड का, तर त्याचं काम दिसत नाही म्हणून. रंग वाईट मारला तर उन्हात दिसतो. सीटचं कापड सुरकुतलं तर हात फिरवून कळतं. पण मेन बेअरिंग आणि क्रँकमध्ये अडीच थाऊ फट ठेवली की साडेचार, हे गिऱ्हाइकाला कळायचं कसं? थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. झाकण बसलं, रंग मारला, की चांगलं काम आणि लबाडी बाहेरून अगदी सारखी दिसतात. फरक कळतो तो दोन-चार हजार मैलांनंतर, तेव्हा बिल चुकतं झालेलं असतं आणि ‘तुम्हीच जोरात चालवली असेल’ हे उत्तर तयार असतं.

पहिलं दुकान झगमगीत होतं. लादी आरशासारखी, भिंतीवर ढाली आणि फोटो, काउंटरवर क्रोमची झाकणं. मालकाने इंजिन न बघताच आकडा सांगितला: सहाशे अश्वशक्ती, सहा आठवडे, ठरलेली किंमत. ‘केलेलं इंजिन कधी परत आलंय का?’ असं विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘आमच्याकडे परत येत नाही.’ दुसऱ्या ठिकाणी अर्धी रक्कम रोख आणि आधी मागितली, म्हणून तो तिथून निघाला.

तिसरा माणूस हेझल पार्कमध्ये सापडला. सत्तरी ओलांडलेला, आयुष्य कारखान्यात टूल-अँड-डायच्या कामात गेलेलं, आता घरामागच्या शेडमध्ये मशीन टाकून बसलेला. त्याने किंमत सांगितलीच नाही. उलट प्रश्न विचारले. गाडी कशासाठी हवी? पेट्रोल कुठलं घालतोस? ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढली, ते आता मिळत नाही, तर हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का, ठाऊक आहे? आपल्या माणसाला ठाऊक नव्हतं. परत आलेल्या इंजिनाबद्दल विचारल्यावर म्हाताऱ्याने स्टूल ओढलं आणि चांगला अर्धा तास हकीकत सांगितली. एका गिऱ्हाइकाचा नवा कॅम त्याने बसवला होता, पण हल्लीच्या तेलात जस्त कमी असतं हे बजावायला विसरला. कॅमचे उंचवटे घासून सपाट झाले, लोखंडाचा चुरा सगळ्या इंजिनात फिरला. ‘माझी चूक. पुन्हा सगळं केलं, फुकट,’ तो म्हणाला, आणि त्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर कागदावर लिहून दिला.

इंजिन त्याच्याकडे गेलं. करार फक्त उघडून तपासण्याचा होता. किंमत नंतर.

दोन आठवड्यांनी म्हाताऱ्याने बोलावलं. ब्लॉक धुऊन, चुंबकीय तपासणी करून, स्टँडवर उलटा टांगलेला. शेजारी एक कागद, त्यावर पेन्सिलने आठही सिलिंडरची मापं, प्रत्येकाची तीन उंचींवर आणि दोन दिशांनी. तडा नव्हता. सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासाउंडने बघितली होती, बोअर करायला जागा होती. तोवर सगळं चांगलं.

‘आता वाईट,’ म्हणत त्याने भिंग हातात दिलं. पंच केलेल्या जागेवर कारखान्याच्या ब्रोचिंग मशीनच्या बारीक सरळ रेघा असायला हव्या होत्या, पुढून मागे जाणाऱ्या. तिथे गोल फिरणाऱ्या कटरचे ओरखडे होते. कुणीतरी जुना नंबर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग तासून, उडवला होता आणि नवा मारला होता. ब्लॉक दुसरा आहे हे बोअरच्या मापावरून कळलं नसतं, कारण खुद्द शेव्हरोलेनेच पुढे ३९६ चा बोअर तीस थाऊने वाढवून ४०२ घन इंच केलं आणि बिल्ला ३९६ चाच ठेवला; तेवढंच बोअर केलेलं जुनं ३९६ मापाला तसंच भरतं. मग म्हाताऱ्याने ब्लॉक फिरवला आणि स्टार्टरजवळ ओतकामातच उठलेली तारीख दाखवली. तिथे महिन्यासाठी अक्षर असतं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. सी, १२, ०. बारा मार्च १९७०. बॉडीच्या पत्र्यावरची पट्टी मात्र सांगत होती की गाडी मार्च १९६९ च्या दुसऱ्या आठवड्यात बांधली. आणि पंच केलेली जुळणीची तारीख होती पाच मार्च, म्हणजे गाडीच्या हिशेबाने १९६९ मधली. जन्माच्या आधी वर्षभर बारसं उरकलं होतं.

आपला माणूस खाली बसला. फसलो याचं दुःख होतंच, पण हिशेबी डोकं लगेच पुढे पळालं. गाडीची किंमत त्या नंबरावर होती. ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाला फेस मारायचाच आहे, तेव्हा ती जागा कोरी होणारच. मग?

‘फेसिंग झाल्यावर तोच नंबर पुन्हा मारता येईल ना?’ त्याने विचारलं. ‘होता तसाच. मी तर नवीन काही करायला सांगत नाही.’

म्हातारा काही वेळ बोलला नाही. मग पेन्सिलने मापं लिहिलेला तो कागद उचलून त्याच्यापुढे धरला.

‘हा कागद माझ्या हातचा आहे. यातलं एक माप तरी तू स्वतः घेतलंस का?’

‘नाही.’

‘तरी खरं मानलंस. याच हाताने मी तो नंबर मारला, तर उद्या हा कागद कशाच्या भरवशावर वाचशील?’

गृहस्थ वरमला, पण हटला नाही. घरी येऊन त्याने झगमगीत दुकानाला फोन लावला. तिथे अडचणच नव्हती. नंबर मारून मिळेल, वर ब्रोचच्या रेघासुद्धा ओढून मिळतील, भिंग घेऊन येणारा पारखी फसेल अशा. इंजिन सगळं आमच्याकडे दिलंत तर त्याचे वेगळे पैसे नकोत. आणि ऑगस्टच्या जत्रेला गाडी रस्त्यावर.

रात्री जेवताना त्याने हे बायकोला सांगितलं. सांगताना सुरात जरा विजयच होता.

ती वाढता वाढता थांबली. ‘अहो, नंबर कुठला मारायचा, ते त्याने विचारलं?’

‘हो, मी सांगितला ना फोनवर.’

‘आणि ती गाडी तुमचीच आहे का, कागद आहेत का, हे विचारलं?’

नव्हतं विचारलं. फोनवर कुणीही काहीही नंबर सांगितला असता तरी तो पंच झाला असता. इथे त्याला दुसरीही एक गोष्ट आठवली. विकणाऱ्याने दाखवलेल्या इंजिनकामाच्या पावतीवर दुकानाचं नाव होतं, पण मापांचा एकही आकडा नव्हता. ज्याने नंबर मारला होता, त्यानेच बहुधा जुन्या रिंगांवर नवा नारिंगी रंग मारला होता. दोन्ही कामं एकाच माणसाची, एकाच सवयीची. आता तो पैसे देऊन पुन्हा त्याच जातीच्या माणसाकडे निघाला होता, फक्त या वेळी लबाडी आपल्या बाजूची आहे एवढ्याच समाधानावर.

दुसऱ्या दिवशी तो हेझल पार्कला गेला. म्हाताऱ्याने कालचा विषय काढला नाही, किंमत सांगितली. ती झगमगीत दुकानापेक्षा जास्त होती आणि मुदत सात महिन्यांची. त्या वर्षीची ड्रीम क्रूझ हुकली. मिशिगनचा हिवाळा आला, गाडी ताडपत्रीखाली बसली, शेडमध्ये काम रेंगाळत राहिलं. मधे एकदा फोन आला की क्रँक परत पाठवला आहे, एक जर्नल अर्धा थाऊ बाहेर आहे. आणखी तीन आठवडे गेले. या काळात आपला इंजिनिअर घरात फारसा सुखाने वागला नाही, हे त्याची बायको आजही सांगते.

वसंतात इंजिन सुरू झालं. नवा कॅम, म्हणून पहिली वीस मिनिटं आयडलला सोडायचं नाही, फेरे दोन हजारांच्या वर ठेवायचे, जस्त असलेलं तेल घालायचं. या वेळी म्हाताऱ्याने हे तोंडी सांगितलं, लिहून दिलं आणि सही घेतली. मग तेल काढलं, फिल्टर कापला, त्यातला कागद उलगडून उन्हात धरला. चकाकणारं काही नव्हतं. उजव्या हेडपुढची नंबराची जागा कोरी होती. बिलावर ओळ होती: ब्लॉक मूळचा नाही, ओतकाम मार्च १९७०, ४०२ घन इंच.

पुढच्या ऑगस्टमध्ये गाडी वुडवर्डवर उभी राहिली, आणि काचेमागच्या पाटीवर बिलातली तीच ओळ लिहिली होती. एक-दोन पारख्यांनी नाक मुरडलं आणि पुढे गेले. विकायला काढली तर त्याला गाडीत घातलेले पैसे परत मिळणार नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. पण थांबून पाटी वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी एकच विचारलं: हे इंजिन केलं कुणी? त्याने सगळ्यांना म्हाताऱ्याचा फोन नंबर दिला. तिथे आता वर्षाची रांग आहे. सहा आठवड्यांत हवं असेल, तर झगमगीत दुकान उघडंच आहे.