चुकून दारीं आलेली वस्तु

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मुलुंडच्या घरीं एक लांबट पेटारा आला. मुलीस गिटार शिकण्याची इच्छा झाली होती. आणि नवें वाद्य घेऊन तें महिन्याभरांत कोपऱ्यांत पडण्यापेक्षां जुनें घ्यावें, असा गृहस्थी विचार आम्हीं केला होता. जुन्या वाद्यांच्या एका व्यापाऱ्यानें फोनच्या पडद्यावर दाखविलेल्या छायाचित्रांतून तिनें एक गिटार निवडली, आम्हीं पैसे भरले, आणि आठवड्याभरानें पेटारा आला. उघडून पाहतों तों आंत दुसरीच गिटार! आम्हीं मागविलेल्या गिटारीची वरची फळी थर चिकटवून केलेल्या लाकडाची होती. हिची एकसंध लाकडाची होती. एका जाणत्या शेजाऱ्यानें ती वाजवून पाहिली आणि हिची किंमत आम्हीं दिलेल्या पैशांच्या तिपटीहून कमी नसावी, असा अभिप्राय दिला. म्हणजे चूक झाली होती खरी. पण ती आमच्या फायद्याची होती.

येथपर्यंतची हकीकत कोणाच्याहि घरीं घडण्यासारखी आहे. वाचकांपुढें ती मांडण्याचें कारण इतकेंच कीं, पुढील चार दिवसांत आमच्या मनानें जीं समर्थनें शोधून काढलीं, तीं तपासून पाहण्यासारखीं आहेत.

आलेली वस्तु हलकी असती तर आम्हीं काय केलें असतें, याविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. त्याच संध्याकाळीं तक्रार गेली असती. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशीं जुळला पाहिजे, असें १९३० च्या मालविक्री कायद्याचें पंधरावें कलम सांगतें, हें आम्हीं घरच्या मंडळींस मोठ्या ऐटीनें ऐकविलें असतें. आणि एवढ्यानें न भागतें तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याकडे वळलों असतों. भारी वस्तु आली तेव्हां मात्र कायद्याचें पुस्तक कपाटांतच राहिलें. वास्तविक १८७२ च्या करार कायद्याचें बहात्तरावें कलम जणूं आमच्यासाठींच लिहिलेलें आहे. ज्याच्या हातीं चुकीनें पैसा किंवा वस्तु पडली, त्यानें ती परत केली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. हक्काचें कलम तोंडपाठ असावें आणि कर्तव्याचें आठवूं नये, हा आमच्यासारख्या सुशिक्षितांच्या स्मरणशक्तीचा एक विशेषच म्हणावा लागेल!

आमचें पहिलें समर्थन असें कीं, चूक व्यापाऱ्याची आहे. आम्हीं कोणास फसविलें नाहीं. दुसरें असें कीं, व्यापारी एखाद्या वेळीं आम्हांसहि फसवील, तेव्हां हा हिशेब कोठें तरी जुळेलच. तिसरें, आणि सर्वांत गोड, असें कीं, मुलीच्या नशिबांतच चांगलें वाद्य होतें. यांपैकीं तिसऱ्यास उत्तर देण्याची गरज नाहीं. आपल्या लाभाच्या वेळीं दैववादी आणि हानीच्या वेळीं कायदेपंडित होणें हा मनुष्यस्वभावच आहे. दुसरें समर्थन तर उघड उघड अन्यायाचें आहे. अजून न झालेल्या अपराधाची शिक्षा कोणास आगाऊ देतां येत नाहीं. राहतां राहिलें पहिलें.

दोन हजार वर्षांपूर्वीं रोमन पंडित सिसेरो यानें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत हाच प्रश्न घेतला आहे. एखादा मनुष्य सोनें हें पितळ समजून विकीत असेल, तर सज्जनानें तें सोनें आहे असें त्यास सांगावें, कीं हजार नाण्यांचा माल एका नाण्यास घेऊन गप्प बसावें? त्या काळच्या तत्त्वज्ञांत यावर मतभेद होता. सिसेरोचा स्वतःचा कल सांगण्याकडे होता. तथापि गप्प बसणाऱ्याच्या बाजूनें तेथें निदान एक गोष्ट आहे. विकणाऱ्यानें तीच वस्तु, समोर ठेवून, खुषीनें विकली आहे. त्याचें चुकलें तें फक्त मोलांत. आमच्या बाबतींत तेवढाहि आधार नव्हता. आमच्या हातीं असलेली गिटार आम्हांस कोणीं विकलीच नव्हती. तिच्याविषयीं आमचा कोणाशीं सौदा झाला नव्हता. सौदा झाला होता तो निराळ्याच वाद्याविषयीं. चूक व्यापाऱ्याची होती हें खरें. पण दुसऱ्याच्या चुकीमुळें आपला हक्क उत्पन्न होतो, हा सिद्धांत कोणत्या शास्त्रांतला?

आमचें प्राचीन धर्मशास्त्र या बाबतींत आजच्या बाजारापेक्षां उदार दिसतें. विकत घेतल्यावर किंवा विकल्यावर ज्यास पश्चात्ताप होईल, त्यानें दहा दिवसांच्या आंत वस्तु परत द्यावी अथवा परत घ्यावी, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. आज दुकानदार माल परत करण्याची मुदत छापतात, ती घेणाऱ्यासाठीं असते. मनूनें ती सवलत विकणाऱ्यासहि दिली आहे. विकणाराहि मनुष्य आहे आणि तोहि चुकतो, ही जाणीव त्या नियमांत आहे. आमच्या चार दिवसांच्या विचारांत ती नव्हती.

होय, चार दिवस. कारण आम्हीं चार दिवस व्यापाऱ्यास कांहींच कळविलें नाहीं. मुलगी रोज संध्याकाळीं त्या गिटारीवर बोटें बसवीत होती. तिसऱ्या दिवशीं गिटार खुर्चीला लागून कडेला बोटभर ओरखडा पडला. परक्या वस्तूवर आपली खूण उमटली, तेव्हां कोठें आमच्या ध्यानीं आलें कीं ही वस्तु परकी आहे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं व्यापाऱ्यास लिहिलें.

त्याचें उत्तर मोठें सोयीचें होतें. दोन पेटाऱ्यांवरील पत्ते उलटसुलट झाले होते. आमची गिटार अंधेरीस एका तरुणाकडे गेली होती. व्यापाऱ्याचें म्हणणें असें पडलें कीं, दोघांनींहि आलेली वस्तु ठेवावी. तो अंधेरीच्या गृहस्थास फरकाची रक्कम देईल आणि आम्हांकडून कांहीं मागणार नाहीं. येथें आमच्या मनानें पुन्हां उसळी घेतली. आतां तर खुद्द व्यापाऱ्याचीच संमति मिळाली!

परंतु संमति द्यावयास वस्तु तर आपली असावी लागते. त्याच मालविक्री कायद्याच्या विसाव्या कलमाप्रमाणें ठराविक, तयार वस्तूचा बिनशर्त करार झाला कीं मालकी तत्क्षणींच घेणाऱ्याकडे जाते. ती गिटार त्या तरुणानें निवडून घेतली तेव्हांच त्याची झाली होती. व्यापारी आपलें नुकसान सोडून देऊं शकत होता. दुसऱ्याची वस्तु आम्हांस देऊं शकत नव्हता.

या ठिकाणीं नृगराजाची कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. महाभारतांत आणि भागवतांत ती आली आहे. एका ब्राह्मणास दिलेली गाय चुकून राजाच्या कळपांत परत आली. राजानें अजाणतां ती दुसऱ्यास दान केली. दोघेहि भांडत राजाकडे आले. राजानें त्या एका गाईच्या बदलीं लक्ष गाई देऊं केल्या. पण ‘मला माझीच गाय पाहिजे’ यापलीकडे कोणी ऐकेना. पुढें त्या दानशूर राजाला सरडा होऊन विहिरींत पडावें लागलें. लहानपणीं ही कथा ऐकतांना आम्हांस ती अन्यायाची वाटे: राजाचा हेतु शुद्ध, भरपाई विपुल, मग शिक्षा कशाला? आतां वाटतें, कथेचा रोंख शिक्षेवर नसून त्या लक्ष गाईंवर आहे. भरपाई किती द्यावी हें देणाऱ्यानें ठरवावें आणि ती पुरे झाली असेंहि त्यानेंच ठरवावें, येथें चूक आहे. जुन्या वस्तूंच्या बाबतींत तर हें विशेषच खरें. कारखान्यांतून आलेल्या दोन नव्या वस्तु एकमेकींच्या जागीं चालतात. हातीं वापरलेल्या दोन वस्तु चालत नाहींत. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांतलाहि वीस वर्षें एकाच घरांत लागलेला एखादा तंबोरा मागितला, तर तसलाच दुसरा देऊन भागत नाहीं.

अंधेरीच्या तरुणानें फरकाची रक्कम नाकारली होती. त्या गिटारीचा आवाज त्यानें ऐकला होता, आणि त्यास तोच हवा होता. तेव्हां घाटकोपरास भेटण्याचें ठरलें. तो मेट्रोनें आला, आम्ही मुलीसह लोकलनें गेलों. तेथें आम्हांस जें कळलें त्यानें मान खालीं गेली. त्यानें पहिल्याच दिवशीं चूक ओळखून आमची गिटार न वाजवितां पुन्हां बांधून ठेविली होती, आणि व्यापाऱ्यास कळविलेंहि होतें. परंतु त्याची स्वतःची गिटार कोणाकडे गेली याचा उलगडा आमचें पत्र येईपर्यंत झाला नव्हता. आमचें मौन कोणाचें नुकसान करीत नाहीं अशी जी समजूत आम्हीं करून घेतली होती, तिची किंमत एक अनोळखी मनुष्य चार दिवस मोजीत होता. आम्हीं ओरखडा दाखविला. त्यानें त्यावरून बोट फिरविलें आणि ‘वाजणाऱ्या वस्तूला एवढें व्हायचंच’ म्हणून पेटारा मिटला.

परततांना मुलीनें विचारलें, “बाबा, त्यांनीं फरकाचे पैसे घेतले असते, तर ती आपली झाली असती ना?” आम्हीं सांगितलें, “झाली असती. पण त्यांना विचारल्यावर, त्यापूर्वीं नाहीं.” तिनें मग दुसरा प्रश्न केला: “आणि ओरखडा पडलाच नसता तर?” या प्रश्नाचें उत्तर आम्हीं गाडींत दिलें नाहीं. इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर नीतिशास्त्रावर बोलणें आम्हांस कठीण वाटत नाहीं. पण ओरखडा पडला नसता तर पांचव्या दिवशीं पत्र गेलें असतें, असें छातीवर हात ठेवून सांगण्याचें धैर्य आम्हांस आजहि होत नाहीं. आमची साधी गिटार आतां घरीं आहे. मुलगी ती रोज वाजविते, आणि आम्ही शेजारच्या खोलींत बसून ऐकतों.