पंजरस्थ शुक : दया की ममत्व?

जीवदया हे धर्माचे अधिष्ठान आहे, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु दया म्हणजे काय, असे विचारले असता पुष्कळदा असे दिसून येते की, मनुष्य ज्याला दया समजत असतो ते त्याचे केवळ ममत्व असते. दोहोंचे बाह्य रूप सारखेच. दोन्ही अन्न देतात, दोन्ही गोंजारतात, वियोग झाला असता दोन्ही डोळे गाळतात. भेद असतो तो हेतूचा. दया दुसऱ्याच्या गरजेकडे पाहते, ममत्व आपल्या गरजेकडे. हा भेद सूक्ष्म असल्यामुळे नित्याच्या एखाद्या व्यवहारावर तो पारखून पाहणे हितावह होय. घरोघरी, आणि क्वचित आश्रमांतूनही, टांगलेला पोपटाचा पिंजरा हा असाच एक व्यवहार आहे.

पूर्वपक्ष

पोपट पाळणारा सद्गृहस्थ क्रूर नसतो. त्याचे म्हणणे चार प्रकारचे असते. पहिले असे की, रानात ससाणा, साप, भूक आणि ऊन यांचे भय. पिंजऱ्यात वेळेवर डाळ, पेरू आणि पाणी. तेव्हा हे रक्षणच नव्हे काय? दुसरे असे की, पक्ष्याला घरच्या माणसांचा लळा लागलेला असतो. धनी दिसला की तो साद घालतो, मान लववून डोके खाजवून घेतो. तिसरे असे की, त्याच्या मुखी देवाचे नाव घातले जाते. तिर्यक् योनीतील जीवाला याहून मोठा लाभ कोणता? आणि चौथे असे की, तो पक्षी पाळणाऱ्याने पकडलेला नसतो. तो बाजारात आलाच होता. दुसऱ्या कोणाच्या हाती पडण्याऐवजी भल्या घरी आला.

उत्तरपक्ष

यांतील चौथा मुद्दा प्रथम घेणे सोयीचे आहे, कारण इतर तिन्ही त्याच्या आडोशाने उभे आहेत.

आपल्याकडे पिंजऱ्यात दिसतो तो बहुधा कंठवाला पोपट. क्वचित त्याहून मोठा, खांद्यावर तांबडा डाग असलेला पहाडी पोपट. हे पक्षी घरटे बांधीत नाहीत. जुन्या झाडाच्या ढोलीत, सुतार पक्ष्याने कोरलेल्या बिळात किंवा पडक्या भिंतीच्या भोकात ते अंडी घालतात. साधारणतः माघ-फाल्गुनाच्या सुमारास ढोलीत पिल्ले असतात. उघड्या अंगाची, मान न सावरणारी ही पिल्ले सुमारे सहा-सात आठवडे आईबापांच्या चोचीतील घासावर वाढतात. पारधी त्यांना याच अवस्थेत काढतो, कारण मोठा झालेला पोपट माणसाळत नाही. ढोलीचे तोंड रुंद करण्यासाठी खोड फोडले जाते; त्या ढोलीत पुढच्या वर्षी कोणी नांदत नाही. टोपलीत कोंबून दूरच्या बाजारी नेताना कित्येक पिल्ले वाटेतच मरतात. विकले गेलेले पिल्लू म्हणजे उरलेले पिल्लू, एवढाच त्याचा अर्थ.

सातव्या शतकातील बाणभट्टाच्या कादंबरीत वैशंपायन नावाचा पोपट राजा शूद्रकापुढे आपला वृत्तांत कथन करतो. शाल्मलीच्या वृक्षावर चढलेला म्हातारा शबर ढोलीढोलींत हात घालून पिल्ले ओढून काढतो आणि खाली टाकतो. वैशंपायनाचा पिता पिल्लाला पंखाखाली झाकून बसलेला असताना मारला जातो. मराठीने या ग्रंथाच्या नावावरून एका साहित्यप्रकाराचे नाव घेतले, पण ग्रंथातील पोपटाने सांगितलेली गोष्ट मात्र घेतली नाही. तेरा शतकांनंतरही पारध्याची रीत फारशी पालटलेली नाही.

मग विकत घेणाऱ्याचा दोष कोणता? कर्माची मीमांसा करताना करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा असे तिघे गणले जातात. पारधी झाडावर चढतो तो खाली कोणीतरी मोल घेऊन उभा आहे म्हणून. मोल देणाऱ्याचा हात ढोलीत गेला नाही, तरी त्याचा पैसा गेला. राजशासनानेही हे ओळखले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये देशी पोपट पकडणे, विकणे आणि घरी बाळगणे हा अपराध आहे. २०२२ साली या कायद्यात झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून, तीनंतर कंठवाला पोपट दुसऱ्या अनुसूचीत गणला जातो. तथापि कायद्याच्या भयाने सोडलेली वस्तू मनातून सुटत नाही. ती विवेकानेच सुटावी लागते.

आता पहिला मुद्दा, रक्षणाचा. रक्षण कोणाचे करावयाचे, हे त्याची प्रकृती जाणल्यावाचून ठरत नाही. पोपट हा थव्याचा जीव आहे. पहाटे थव्याने निघावे, कोसच्या कोस उडत फळझाडे आणि शेते गाठावी, सायंकाळी शेकडोंच्या संख्येने एखाद्या वडा-पिंपळावर कलकलाट करीत रात्रीची जागा धरावी, हे त्याचे जीवन. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात ती फांदीवर चढण्यासाठी आणि फळ हातासारखे धरण्यासाठी. चोच सतत वाढते. लाकूड कुरतडून ती झिजवावी लागते. अशा जीवाला हातभर लांबीच्या पिंजऱ्यात एका दांडीवर बसविले म्हणजे त्याचे शरीर राहते, पण शरीराचे प्रयोजन नाहीसे होते. एकटा पडलेला पोपट पुष्कळदा आपल्याच चोचीने आपली पिसे उपटू लागतो. छाती उघडी पडते, कधी रक्त येते. घरच्या माणसांना तो कातडीचा रोग वाटतो, परंतु अनेकदा तो एकांताचा रोग असतो.

अन्नाचीही गोष्ट अशीच. पोपटाला मिरची आवडते म्हणून मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ एवढ्यावर त्याला वर्षानुवर्षे ठेवले जाते. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. तिच्यावर त्याची विशेष प्रीती आहे ही कल्पना माणसाची. नुसत्या डाळीवर किंवा सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पोपटांत जीवनसत्त्वांची उणीव आणि यकृताची मेदवृद्धी हे विकार नेहमीचे. शिवाय आयुष्याचा विचार कोणी करीत नाही. नीट सांभाळलेला कंठवाला पोपट पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. ज्या बालकाच्या हट्टासाठी तो आणला, ते बालक शिकून परगावी जाते. ज्या आजोबांचा तो सोबती, ते निवर्ततात. आणि पिंजरा ओसरीवरून परसात, परसातून अडगळीजवळ सरकत जातो. क्वचित वारस तो आश्रमात आणून देतात. रक्षणाची प्रतिज्ञा करणारा स्वतः किती वर्षे राहणार, हे कोणी मोजत नाही.

दुसरा मुद्दा लळ्याचा. तो खोटा नाही. पोपटाला माणसाचा लळा लागतो, हे सत्यच आहे. पण तो का लागतो, हे पाहावे.

दृष्टांत : कोणी एका धनिकाने वाटसरूंच्या तांड्यातून एक तान्हे बालक उचलून आणले. त्याला ऊन अन्न दिले, मऊ शय्या दिली. दाराला मात्र बाहेरून कडी. बालक त्या घराची भाषा बोलू लागले आणि धनिकाला बाप म्हणू लागले. धनिक गावभर सांगे, पाहा, हे मला बाप म्हणते.

दार्ष्टांतिक : बालकाची हाक खरी, परंतु तिच्यावरून धनिकाचे पितृत्व सिद्ध होत नाही, बालकाला दुसरे कोणी उरले नव्हते, एवढेच सिद्ध होते. तद्वत थवा हिरावून घेतलेला पोपट समोरच्या माणसांनाच थवा मानतो. वेनेझुएलातील लहान हिरव्या पोपटांचे निरीक्षण करणाऱ्या अभ्यासकांनी २०११ साली असे दाखविले की, तेथील पिल्लांना आपापली विशिष्ट हाक असते आणि ती ती आईबापांकडून घरट्यातच शिकतात. अर्थात् त्या पिल्लांना घरचे नाव असते. आपल्याकडच्या पोपटाविषयी तेवढे ठामपणे म्हणता आले नाही, तरी आवाजाने आपली माणसे धरून ठेवण्याची ओढ त्याच्याही ठायी आहे. पिंजऱ्यातून तो जेव्हा 'मिठू मिठू' असे ओरडतो, तेव्हा ऐकणारे हसतात. ती मात्र थव्याला घातलेली साद असते.

तिसरा मुद्दा नामाचा, आणि भाविकांच्या दृष्टीने तोच सर्वांत बलवान. मंडनमिश्रांच्या दारी पिंजऱ्यातल्या शुकांगनाही प्रामाण्याचा वाद करीत, अशी आख्यायिका शंकरदिग्विजयात आहे. तिचे कौतुक पुष्कळ होते. परंतु मराठी भाषेने अर्थावाचून केलेल्या पाठाला 'पोपटपंची' हे नाव देऊन या विषयाचा निर्णय केव्हाच करून ठेवला आहे. स्मरण हे ज्याचे स्मरण करावयाचे त्याच्या जाणिवेसह असते. पोपटाच्या कंठातून निघालेले नाम हे त्याच्या दृष्टीने त्या घरचा एक ध्वनी आहे. दाराच्या कडीचा आवाज तो जसा काढतो, तसाच हाही काढतो. त्या ध्वनीने समाधान होते ते शिकविणाऱ्याचे. आपल्या समाधानासाठी एका जीवाला कोंडून त्या कोंडण्याला परोपकार म्हणणे, हा धर्माच्या नावाने केलेला आत्मवंचनेचा प्रकार होय.

यावर कोणी म्हणेल की, पोपट जर असा निर्बुद्ध, तर त्याला दुःख तरी कसले? हा तर्क दोन्ही बाजूंनी फसतो. आफ्रिकेतील करड्या जातीचा 'अ‍ॅलेक्स' नावाचा पोपट १९७७ साली दुकानातून विकत घेऊन आयरीन पेपरबर्ग या अमेरिकेतील विदुषीने त्याला तीस वर्षे शिकविले. २००७ साली तो मृत्यू पावला तोपर्यंत त्याला सुमारे शंभर शब्द, रंग, आकार आणि सहापर्यंतची संख्या यांची ओळख झाली होती. म्हणजे मनुष्याने परिश्रमपूर्वक शिकविले, तर पोपटाला वस्तूचे नाव वस्तूसह कळू शकते. मग ज्याला रंग आणि संख्या कळते, त्याला कोंडलेपण कळत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? बुद्धी अधिक मानली तर बंधनाचे दुःख अधिक. बुद्धी कमी मानली तर नामाचा लाभ नाही. पिंजऱ्याचे समर्थन कोणत्याच बाजूने होत नाही.

शास्त्रदृष्टी

लीळाचरित्रातील सशाची लीळा परमार्गात सर्वश्रुत आहे. पारध्यांनी आणि कुत्र्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञांच्या गुडघ्याखाली येऊन लपला. सर्वज्ञांनी तो पारध्यांच्या स्वाधीन केला नाही. या लीळेचे स्मरण करताना शरणागताचे रक्षण एवढाच भाग बहुधा सांगितला जातो. परंतु तिचा उत्तरभागही तितकाच मननीय आहे. भय टळल्यावर सशाला जाऊ दिले गेले. ससा पाळला गेला नाही. जेवढा वेळ भय, तेवढा वेळ आश्रय. पुढे ज्याची वाट त्याला मोकळी. रक्षण आणि परिग्रह यांतील सीमारेषा या एका कृतीत स्पष्ट झाली आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण भागवतातील भरत राजाचे. त्याने राज्य सोडले, पुत्र सोडले, आणि नदीत वाहून जाणारे हरिणीचे पाडस वाचविले. वाचविले यात दोष नव्हता. परंतु पुढे ते पाडस 'माझे' झाले. अंतकाळी चित्त त्याच्यातच राहिले आणि त्याला मृगयोनी प्राप्त झाली. जे राज्याला जमले नाही ते एका पाडसाने केले. घरदार सोडून अनुसरलेल्या साधकाने या कथेकडे विशेष लक्ष द्यावे. गृहस्थाचा पिंजरा एक पक्षी कोंडतो. संन्यस्ताचा पिंजरा पक्ष्यासह संन्यस्तालाही कोंडतो.

विदेशी पक्ष्यांविषयी

कायदा देशी पोपटाला मना करतो म्हणून बाजारात आता बजरीगर, लव्हबर्ड, कॉकाटील इत्यादी विदेशी जाती विकल्या जातात. यांतील पुष्कळ पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, तेव्हा ढोली फोडण्याचा दोष त्यांच्या बाबतीत येत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु पिंजऱ्यात जन्मल्याने पंख गळून पडत नाहीत, आणि थव्याची ओढही जात नाही. दोष घटतो, नाहीसा होत नाही.

मग कर्तव्य कोणते?

येथवरचे विवेचन वाचून कोणी पिंजऱ्याचे दार उघडून पक्षी हाकलून देईल, तर तोही अनर्थच होय. लहानपणापासून माणसाच्या हातचे खाल्लेल्या पोपटाला अन्न शोधता येत नाही, ससाणा ओळखता येत नाही. पंख छाटलेले असले तर नवी पिसे येईपर्यंत तो उडूही शकत नाही. मांजराच्या तोंडी दिलेली मुक्ती ही मुक्ती नव्हे. ज्याने बंधन घातले, त्याच्यावर ते नीट सोडविण्याचे ऋण असते. म्हणून देशी पोपट घरी असल्यास वनविभागाला कळवून तो त्यांच्या स्वाधीन करावा. तेथे उडण्याचा सराव देऊन सोडण्याजोगा असेल तो सोडला जातो. नसेल त्याची व्यवस्था होते. तोपर्यंत मोठा पिंजरा, सोबत, कुरतडण्यास कडुनिंबाची डहाळी, नाना प्रकारची फळे व भाज्या, रात्री अंधार आणि शांतता, एवढे तरी द्यावे. चहा, बिस्किट, खारे पदार्थ हे कौतुकाने देऊ नयेत.

पुण्यासाठी बाजारातून पक्षी विकत घेऊन सोडण्याची चाल काही ठिकाणी आहे. तीही त्याज्य समजावी. विक्रेत्याच्या लेखी सोडणारा आणि कोंडणारा दोन्ही गिऱ्हाइके सारखीच. एक पिंजरा रिकामा झाला की तो भरण्यासाठी दुसरी ढोली फोडली जाते. अशा वेळी विकत घेण्यापेक्षा वनविभागाला वर्दी देणे हेच खरे रक्षण.

आणि ज्याला पोपटावर प्रेम आहे, त्याने ते सोडण्याचे कारण नाही. त्याने फक्त त्याची दिशा पालटावी. आश्रमाच्या आवारातील, शेताच्या बांधावरील जुने पोकळ झाड निरुपयोगी म्हणून तोडू नये, कारण तीच ढोली कोणाचे तरी घर असते. पेरूच्या झाडावरची शेंड्याची चार फळे राखून ठेवावीत. सायंकाळी थवा येईल, फळे टोचील, निम्मी खाली टाकील आणि आभारादाखल एक शब्दही न बोलता उडून जाईल. तो बोलला नाही, नाव घेतले नाही, पुन्हा येईलच असेही नाही. एवढे असूनही ज्याच्या मनाला संतोष वाटतो, त्याची दया ममत्वातून सुटली असे समजावे.