भूमिपरीक्षा आणि आत्मपरीक्षा

मनुष्य बैल विकत घेतांना त्याचे दांत पाहतो; सोयरीक जुळवितांना कुळशील पाहतो. मग जेथें उभें आयुष्य घालवावयाचें, ती भूमि पारखून घ्यावी हें ओघानेंच आलें. शहर सोडून खेड्यांत थोडी जमीन घ्यावी आणि स्वकष्टानें पिकविलेल्या अन्नावर राहावें, अशी हौस असलेलीं कुटुंबें आज अमेरिकेंत पुष्कळ आहेत. तेथील राज्यांचे, आपल्या तालुक्या-जिल्ह्यांसारखे, काउंटी नांवाचे विभाग असतात. त्यांपैकीं कोणता निवडावा, हा या कुटुंबांचा पहिला प्रश्न. कर किती, माती किती खोल, शाळा व दवाखाना किती मैलांवर, याची तीं बारकाईनें चौकशी करितात. पश्चिमेकडील राज्यांत तर जमीन घेतली म्हणजे पाणी मिळालेंच असें नाहीं. तेथें ज्यानें आधीं पाणी वापरलें त्याचा हक्क आधीं. तेव्हां ही चौकशी शहाणपणाचीच आहे. आमचा प्रश्न इतकाच कीं, परीक्षा भूमीचीच व्हावी आणि परीक्षकाची मुळींच होऊं नये, हें न्यायाचें आहे काय?

ज्या कायद्यानें या हौसेला मोठें दार उघडलें, तो १८६२ चा होमस्टेड कायदा या बाबतींत अगदींच अंध नव्हता. एकवीस वर्षांच्या अथवा कुटुंबप्रमुख असलेल्या इसमास, मग ती स्त्री कां असेना, त्यानें १६० एकर सरकारी जमीन देऊं केली. परंतु सामान्यतः पांच वर्षें तेथें राहून ती कसून दाखविल्याखेरीज मालकी मिळत नसे. म्हणजे कायद्यानें माणसाचाही कस पाहिला. पण तो कस केवळ श्रमाचा होता. या भूमीला किती जणांचें ओझें पेलेल, आणि येथें आपल्या आधीं कोण नांदत होतें, हे दोन प्रश्न त्यानें विचारले नाहींत.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आभाळानें दिलें. नेब्रास्का राज्याच्या पूर्व भागांत वर्षाला सुमारें ३० इंच पाऊस पडतो. पश्चिमेस जावें तसा तो घटत जाऊन जवळजवळ निम्म्यावर येतो. पूर्वेकडे ज्या १६० एकरांत कुटुंबाचें पोट भरे, तेवढ्यांत पश्चिमेकडे भागेना. नांगर चालला कीं मागोमाग पाऊसही येतो, असें त्या काळीं छातीठोकपणें सांगितलें जाई. जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञानें १८७८ च्या अहवालांत शुष्क प्रदेशांतील कुरणांसाठीं २,५६० एकरांचीं खातीं सुचविलीं. तीं सरकारला मानवलीं नाहींत. पुढें १८९० च्या दशकांतील अवर्षणानें अनेकांना घरदार सोडून परत फिरावें लागलें.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्याच राज्यांतील गेज काउंटीत सांपडतें. तेथें डॅनियल फ्रीमन यानें १ जानेवारी १८६३ रोजीं, कायदा अमलांत आला त्याच दिवशीं, आपला हक्क नोंदविला. आज त्या जागीं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. त्याच काउंटीच्या दक्षिण भागांत ओटो-मिसूरिया लोकांची राखीव भूमि होती. ती विकली गेली आणि १८८१ मध्यें त्यांना आजच्या ओक्लाहोमांत जावें लागलें. चांगली माती, पुरेसा पाऊस, जवळ नदी: कोणाही परीक्षकानें या काउंटीला भरपूर गुण दिले असते. परंतु दुसऱ्याचें उठलेलें घर मांडण्यास त्याच्या कोष्टकांत रकानाच नव्हता.

हा विषय दूरदेशचा म्हणून आपण निश्चिंत राहूं नये. मुंबई-पुण्याचे लोकही कोंकणांत वा मावळांत जागा पाहत हिंडतात. शेतकरी नसलेल्यानें जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून शेतजमीन घेऊं नये, असा सर्वसाधारण निर्बंध १९४८ च्या कुळकायद्यांत आहे. तोही एका परीनें माणसाचीच परीक्षा घेतो. आपल्या जुन्या गांवगाड्यांत मिरासदार आणि उपरी असा भेद असे. वारस न उरलेली जमीन नव्या माणसास मिरास म्हणून द्यावयाची, तर पाटील व गांवकरी त्याला मिरासपत्र करून देत. त्या गांवांत वेशीबाहेर ठेवलेल्यांना आवाज नव्हता, हें आम्ही विसरत नाहीं. तरीही येणाऱ्यानें गांवाची संमति घ्यावी, हें त्यामागील तत्त्व टाकाऊ नाहीं.

कोणी म्हणेल, इतका विचार करीत बसल्यास कोणी कोठें वसणारच नाहीं. प्रत्येक गांव कधीं तरी उपऱ्यांनींच वसविलें ना? हें खरें आहे, आणि वसूं नका असें आमचें म्हणणें नाहीं. विहिरीला पाणी किती हातांवर लागतें हें विचारणाऱ्यानें, आपल्या उपशानें कोणाची विहीर आटेल हेंही विचारावें. शाळा किती दूर हें विचारणाऱ्यानें, ती चालू राहावी म्हणून आपण काय करणार हेंही सांगावें. जमीन स्वस्त असेल, तर ती कोणाच्या अडचणीमुळें स्वस्त झाली, याचा शोध घ्यावा. या प्रश्नांचीं उत्तरें कधीं कधीं अशीं येतील कीं, मनांत भरलेली जागा सोडून परत यावें लागेल. तशी तयारी ज्याची असेल, त्यानेंच भूमीची परीक्षा घेण्यास निघावें.