फुलातील अनोळखी रहिवासी



नानचे पीठ फुगविणारे खमीर आपल्या स्वयंपाकघरांत ओळखीचे आहे. खमीर म्हणजे बुरशीच्या कुळातील एकपेशीय जीव. याच कुळातील कित्येक जाती फुलांच्या मधुरसात राहतात. उमलत्या कळीच्या मधुरसात त्या सहसा नसतात. पहिली मधमाशी किंवा भुंगेरा येतो आणि तोंडापायांना चिकटलेले हे जीव तेथे सोडून जातो. तेथील साखरेवर ते वाढतात. पण एक दिवसाच्या फुलात त्यांना सवड किती? खमिराला पंख नाहीत. फूल मिटण्यापूर्वी एखादा कीटक आला, तरच पुढचे घर मिळते.

1990 मध्ये लाशाँस, स्टार्मर व फाफ या संशोधकांनी हवाई बेटांवरील मर्यादावेलीच्या कुळातील फुलांतून आणि त्यांवरील चिलटांतून खमिराची एक नवी जात नोंदविली. 2005 मध्ये अमेरिकन संशोधकांनी भुंगेऱ्यांच्या आतड्यांतून मिळविलेले 650 हून अधिक नमुने प्रसिद्ध केले. त्यांत किमान 200 जाती विज्ञानाला अपरिचित होत्या.

सूरह नहलच्या आठव्या आयतीत घोडे, खेचरे व गाढवे यांच्या उल्लेखानंतर अल्लाह सांगतो की, तुम्हास ठाऊक नसलेलेही तो निर्माण करतो. साठ आयतींनंतर मधमाशी येते. काही बंधू लगेच म्हणतील, ‘पाहा, कुरआनात हे खमीरही सांगितले होते!’ असे म्हणू नये. त्या आयतीत आपल्या अज्ञानाची जाणीव करून दिली आहे, आणि ती शास्त्रज्ञाइतकीच आपल्यालाही लागू आहे.

वर्सोव्याच्या वाचकांना हे दूरचे वाटू नये. तेथील किनाऱ्यावर 2015 पासून अफरोज शाह व त्यांच्या साथीदारांनी कचरा उपसला, आणि 2018 मध्ये ऑलिव्ह रिडली कासवाची पिल्ले त्याच वाळूवरून समुद्राकडे गेली. कासव दिसते, म्हणून सर्वांना आनंद होतो. मर्यादावेल मात्र ‘रान’ समजून उपटली जाते. वेलीबरोबर तिचे फूल जाते, फुलाबरोबर भुंगेरा, आणि त्याच्या आश्रयाने जगणारे जीव, ज्यांना अद्याप कोणी नावही दिलेले नसेल. खलीफा म्हणून ही जमीन आपल्याकडे अमानत आहे. अमानतीतील जी वस्तू आपण मोजलेलीच नाही, तिचाही हिशेब द्यावा लागेलच ना?

फज्रनंतर किनाऱ्यावर गेलात तर वेलीचे एखादे जांभळे फूल मुलांना वाकून दाखवा, तोडू नका. आतला चिमुकला भुंगेरा पाहू द्या. मगरिबपर्यंत ते फूल मिटलेले असेल.