दशरथाची शुद्ध का हरपली?



आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, बालकांड, सर्ग १९ ते २३.

ॲडमिशनचे दिवस आहेत. कॅप राउंडमध्ये हवं ते कॉलेज मिळालं की घरात पेढे येतात. पण बॅग भरायला घेतली की आई उगाच चिडचिड करते आणि बाबा गाडीचं तिकीट चार-चार वेळा बघतात. त्यांच्या मनात काय चाललेलं असतं, ते आजच्या सर्गांत दिसतं.

यज्ञाच्या रक्षणासाठी विश्वामित्र रामाला मागायला येतात. ‘मागाल ते देईन’ असं दशरथ आधीच बोलून बसलाय. पण रामाचं नाव निघताच हा चक्रवर्ती राजा शुद्ध हरपतो. भानावर आल्यावर म्हणतो, तो अजून सोळा वर्षांचाही नाही. त्याला युद्धातलं काय कळतं? माझी अक्षौहिणी सेना घ्या. मी स्वतः धनुष्य घेऊन येतो. त्याच्याशिवाय मी जगू शकणार नाही.

ओळखीचं वाटतं ना? ‘त्याला साधा कुकर लावता येत नाही.’ ‘आम्हीच येऊन राहतो महिनाभर.’ आपल्याकडे अक्षौहिणीच्या जागी लाडवांचा डबा असतो, एवढंच.

मग वसिष्ठ समजावतात. दिलेला शब्द पाळ. आणि राक्षसांना तर विश्वामित्र स्वतःही मारू शकतात. ते रामाला मागताहेत ते त्याच्याच भल्यासाठी. हे पटल्यावर दशरथ राम-लक्ष्मणांना बोलावतो, रामाच्या मस्तकाचं अवघ्राण करतो आणि प्रसन्न मनाने त्याला ऋषींच्या हाती देतो. माया तेवढीच आहे. मघाशी तिने धरून ठेवलं होतं, आता तिचाच आशीर्वाद झाला.

आणि पुढे काय होतं? शरयूच्या काठी रामाला बला आणि अतिबला या विद्या मिळतात, ज्यांनी भूक, तहान, थकवा बाधत नाही. राजपुत्र त्या रात्री गवतावर झोपतात. घराबाहेरच्या पहिल्याच मुक्कामात आई-बाबांची सगळ्यात मोठी काळजी गुरूंनी मिटवली!

पहाटे विश्वामित्र रामाला उठवतात. वेंकटेश सुप्रभातमचा पहिला श्लोक आपण घरी ऐकतो ना, तीच ही हाक. तिचा पहिला शब्द कोणता? कौसल्या. आई अयोध्येत राहिली, पण लेकाची परक्या ठिकाणची पहिली सकाळ तिच्याच नावाने उजाडली.

म्हणून आई-बाबांनो, रडू आलं तर श्रद्धा कमी पडली असं समजू नका. प्रसन्न होण्याआधी दशरथाचीही शुद्ध हरपली होती.

आणि बाहेर राहणाऱ्या मित्रांनो, आज रात्री ‘जेवलास का?’ विचारणारा फोन आला की नुसतं ‘हो’ म्हणून ठेवू नका. काय जेवलात ते सांगा. आजची साधना एवढीच.

जय जय रघुवीर समर्थ!