आधी मने की आधी हात?

दुरावलेली माणसे एकत्र यावयाची, तर आधी मने जुळावी लागतात की आधी हात? केदार शिंदे यांचा २०२३ सालचा विनोदी चित्रपट 'बाईपण भारी देवा' पाहून आम्हांस हा प्रश्न पडला. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा प्रौढ बहिणी त्यात मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. निमित्त स्पर्धेचे, क्षमेचे नव्हे.

आमच्या कसबा बावड्यातील दोन सख्खे भाऊ पूर्वी गायकवृंदात शेजारी उभे राहत. वाटणीवरून अबोला झाला. अर्पणाआधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची शिकवण पुढे करून आम्ही त्यांस बजावले, "आधी समेट, मग गायन." समेट झाला नाही, गायनही थांबले.

फुगडीत दोघी एकमेकींपासून मागे रेलतात, तरी पडत नाहीत. हात घट्ट असले की तो ताणच दोघींना तोलून धरतो. प्रभूची शिकवण खरीच; मात्र समेटाची वाट आम्ही फार अरुंद केली. येत्या नाताळासाठी दोघांनाही आम्ही सरावास बोलावणार आहोत. वाटणीचा विषय काढणार नाही. आधी सूर तरी जुळू देत.