एकोणीसचा पट

श्रावणातल्या एका रविवारी नवोदयच्या फॉर्मांची फाईल घेऊन मी रत्नागिरीला आत्याकडे गेलो. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या पडवीत बसून ती उकडलेल्या आठळ्या सोलत होती. ताट माझ्याकडे सरकवत तिनं विचारलं, "किती फॉर्म?"

"पाचवीत सहा मुलं आहेत. दोघांचे भरलेत."

"आणि बाकीची चार?"

मी काही बोललो नाही. खरं तर त्या चौघांसाठीच मी आलो होतो.

माझी शाळा राजापूर तालुक्यात, सातवीपर्यंतची. गावात रेंज नाही, फॉर्म भरायचा तर फोन घेऊन सड्यावर चढावं लागतं. पाचवीतले दोन मुलगे हुशार आहेत. शाळा सुटल्यावर तासभर मी त्यांना थांबवून घेतो आणि नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतो. ही परीक्षा 2 तासांची, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले निम्मे गुण मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे, आणि उरलेले गणित आणि भाषा यांत वाटलेले. जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आमच्याच तालुक्यात, पडव्याला आहे. सहावीच्या जागा 80, आणि त्या मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊही तालुक्यांना मिळून.

"दोघंही लागतील असं वाटतं मला," मी म्हटलं. "आणि अडचण तीच आहे. पुढच्या वर्षी सहावी-सातवी मिळून माझा पट 21 होणार. ही दोघं गेली की 19."

आत्याचा हात थांबला. संचमान्यता, म्हणजे पटावरून ठरणारी शिक्षकांची मंजुरी, तिला समजावून सांगावी लागत नाही. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयात सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला तर त्या वर्गांना एकही शिक्षक मंजूर होत नव्हता. त्यावर राज्यभर ओरड झाली, लोक न्यायालयात गेले. पण आमच्यासारख्या शाळांच्या मनात 20 या आकड्याची जी भीती बसली, ती काही गेलेली नाही.

"म्हणजे तू चांगलं शिकवलंस तर तुझी शाळा मोडणार," आत्या म्हणाली.

"हो. आणि नाही शिकवलं तर दोन पोरांचं नुकसान."

"मग त्यात विचार कसला करतोस? पोर शाळेसाठी नसतं रे. पट राखायला कुणाच्या लेकराला अडवून ठेवलंस, तर त्या दिवसापासून तू मास्तर राहिला नाहीस."

"ते मला पटतं. पण मागे 19 राहतात, आत्या. तीही कुणाची तरी लेकरंच आहेत. सहावी-सातवी बंद झाली तर त्यांना पलीकडच्या गावात जायचं. मध्ये वहाळ. जुलैमध्ये तो मोठ्या माणसालाही ओलांडता येत नाही. मुलगे कसेबसे जातील. मुलींची शाळा तिथंच सुटेल. मग या दोघांच्या प्रवेशाची किंमत कुणी दिली?"

आत्यानं लगेच उत्तर दिलं नाही. ती उठली, आतून चहा घेऊन आली, आणि बसल्यावर भलत्याच ठिकाणाहून सुरुवात केली.

"ती दोघं लागणार, हे तू कशावरून ठरवलंस?"

"सराव पेपरांवरून."

"बाकीच्या चौघांनी सोडवले ते पेपर?"

"एकदा दिले होते." आणि मग मी तिला त्या मुलीबद्दल सांगितलं. ती आजीजवळ राहते, आईबाप मुंबईला. आरशातली प्रतिमा ओळखायचा प्रश्न होता. त्या दोघांना मी युक्ती शिकवली होती: डावीकडचं उजवीकडे, वरचं वरच. ही मुलगी पेपर घेऊन खिडकीपाशी गेली, तो उजेडासमोर उलटा धरला आणि मागच्या बाजूनं आकृती बघितली. आरशात जशी दिसेल तशी ती बरोबर मागे उमटली होती. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. असे दहा प्रश्न तिनं सोडवले, दहाही बरोबर. पण त्याला तिला अर्धा तास लागला.

"परीक्षेत एका प्रश्नाला दीड मिनिट मिळतं," मी म्हटलं. "ती बसायची नाही त्यात. आणि तिथं खिडकीपाशी कोण जाऊ देणार?"

"म्हणजे स्वतः शोधून काढणारी मागे राहते आणि शिकवलेली युक्ती पाठ करणारे पुढे जातात."

"परीक्षेचा हा दोष मला मान्य आहे. पण दुसरं काय करणार? शिफारशीवर प्रवेश दिले तर आपल्या पोरांना तिथं उभंही राहू देणार नाहीत. परीक्षेला निदान तोंड बघता येत नाही. आणि नवोदयनं आरक्षण चांगलं ठेवलंय. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना, आता इतर मागासवर्गालाही."

"75 टक्के ग्रामीण," आत्या म्हणाली. "आपला जिल्हाच 2011 च्या जनगणनेत 83 टक्क्यांहून जास्त खेड्यात होता. आणि ग्रामीण कुणाला म्हणायचं? तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झाली की तो ग्रामीण. शहरातल्या शाळेत एक दिवस जरी काढला तरी तो शहरी. कागदावर नियम कडक आहे. पण कुवारबाव ग्रामपंचायतीत आहे, नाचणं ग्रामपंचायतीत आहे. इथून रिक्षा केली तर दहा मिनिटांत पोचशील. तिथल्या चांगल्या शाळेत शिकणारा, घरी दोन्ही पालक पदवीधर, संध्याकाळी नवोदयचा खास क्लास, तो मुलगा ग्रामीण. आणि तुझी खिडकीपाशी जाणारी मुलगीही ग्रामीण. दोघांना एकाच रांगेत उभं केलं की झाला न्याय?"

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. नवोदयवर कुणी बोललं की मला लागतं. 1985-86 मध्ये हरियाणातलं झज्जर आणि आपलं अमरावती अशा दोन ठिकाणी ही शाळा प्रयोग म्हणून सुरू झाली. 1986 च्या शैक्षणिक धोरणानं ती जिल्ह्याजिल्ह्यात नेली. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, सगळं सरकारकडून. नववीपासून विकास निधी म्हणून महिन्याला 600 रुपये घेतात, तेही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. नववीत काही मुलं वर्षभरासाठी हिंदी मुलखातल्या नवोदयात जातात आणि तिकडची इकडे येतात. कोकणातल्या वाडीवरच्या पोराला हे दुसरं कोण देणार होतं?

हे सगळं मी तिला ऐकवलं. ती शांतपणे ऐकत राहिली.

"मी नवोदय बंद करा म्हणत नाही," ती म्हणाली. "समज, ती बंद केली आणि त्यातला पैसा जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत वाटला. किती येईल वाट्याला?"

"काहीच नाही. एक-दोन कपाटं येतील."

"मग चांगली शाळा मोडून वाईट शाळा सुधारत नाहीत, इथपर्यंत आपलं एकमत. आता मला सांग, तुझ्या शाळेला वर्षाला काय मिळतं?"

समग्र शिक्षाच्या नियमाप्रमाणे 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 10,000 रुपये. आमचा पट त्याहून जास्त आहे म्हणून आम्ही वरच्या टप्प्यात, 25,000 मध्ये. त्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती, नळ, रंग. मागच्या पावसात पाचवीच्या वर्गाची चार कौलं गेली, ती बसवली आणि वर्षाची शिल्लक संपली.

"हाच प्रश्न जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे ठेवला होता," आत्या म्हणाली. "सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्यांनी कॉलेजं पाडा असं सांगितलं नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं. तुझी ती चार पोरं कर भरत नाहीत असं समजू नकोस. त्या मुलीची आजी साबण घेते, मसाला घेते, एसटीचं तिकीट काढते."

मग ती बराच वेळ गप्प राहिली. पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं. पुढचं ती माझ्याकडे न बघता बोलली.

"चौथीला मला शिष्यवृत्ती मिळाली. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फोटो आहे अजून. पण तुझी धाकटी आत्या परीक्षेला बसलीच नाही, हे कुणी सांगितलंय तुला? ती माझ्याहून हुशार होती. तोंडी हिशेबात मला कधी पुढे जाऊ दिलं नाही तिनं. पण एकीलाच राजापूरला ठेवणं जमणार होतं, आणि मी मोठी म्हणून मी गेले. शेण, पाणी, धाकट्या भावाला सांभाळणं, हे सगळं तिच्यावर पडलं. म्हणजे तुझ्या बापाला तिनं वाढवलं. माझी शिष्यवृत्ती मी माझ्या बुद्धीवर मिळवली, यात खोटं काही नाही. पण मी अभ्यासाला बसले ते तास तिचे होते."

मला काय बोलावं सुचेना. धाकटी आत्या मला आठवते ती गोठ्यातली आणि चुलीपुढची. ती पावशेर तुपाचा भाव मनातल्या मनात काढायची, ते आम्ही मुलं गंमत म्हणून बघायचो.

"गोखल्यांचं असंच झालं," आत्या पुढे म्हणाली. "गुहागरकडचे, कोतळूकचे. वडील गेल्यावर थोरल्या भावानं शिक्षण सोडून नोकरी धरली. 15 रुपये पगार. त्यातले 8 धाकट्या गोपाळला शिकायला पाठवायचा. त्या 8 रुपयांवर गोपाळ कृष्ण गोखले झाले. पण बघ, 1911 मध्ये त्यांनी कायदेमंडळात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. हुशार गरिबांसाठी चार शिष्यवृत्त्या मागून ते थांबले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी सगळ्यांसाठी मागितलं. 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं."

"पण आता शिक्षण हक्काचा कायदा आहे," मी म्हटलं. "2009 चा. त्याच्या 13 व्या कलमात तर प्रवेशाला चाळणी परीक्षाच नको म्हटलंय. नवोदय मात्र विनिर्दिष्ट प्रवर्गाची शाळा म्हणून बाजूला ठेवली. खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा सोडतीनं भरतात."

"सोडत मला आवडते," ती म्हणाली.

"मला नाही आवडत. पोरानं वर्षभर घासायचं आणि शेवटी चिठ्ठी काढायची? मेहनतीला काही अर्थच राहत नाही."

"परीक्षेत नापास झालेलं दहा वर्षांचं पोर काय शिकतं, माहीत आहे? आपण मठ्ठ आहोत, हे शिकतं. 80 वा आणि 81 वा यांत एका प्रश्नाचा फरक असेल, पण एकाला सात वर्षं मिळतात आणि दुसऱ्याला काहीच नाही. चिठ्ठी निघाली नाही तर ते म्हणेल, माझं नशीब नव्हतं. तो अपमान नसतो. एका मर्यादेच्या वर गुण मिळवणाऱ्यांतून चिठ्ठी काढली तर तुझी मेहनतही राहिली आणि माझी लाजही राखली."

यावर आमचं जमलं नाही. मला अजूनही वाटतं की चिठ्ठीत पोराला स्वतःचा हात दिसत नाही, आणि खेड्यातल्या पोराला आपल्या हातात काही आहे हे कळणंच फार मोठं असतं. ती म्हणाली, "असू दे. पण मला एवढं सांग. त्या मुलीला तू काय सांगणार? तुझा फॉर्म का भरला नाही म्हणून तिनं विचारलं तर?"

"तू लागणार नाहीस, असं सांगावं लागेल."

"तिच्या तोंडावर सांगवेल?"

"नाही."

"मग ते कारण खोटं आहे. निवड कुणाचीही कर, पण ज्याला नाही म्हणायचं त्याच्याकडे बघून कारण सांगता यायला हवं. आणि नुसतं कारण देऊन भागत नाही. 'तू नवोदयला लागली नाहीस, पण तुझी शाळा इथं आहे, तुझे मास्तर इथं आहेत,' हेही म्हणता आलं पाहिजे. ते म्हणता येत नाही, म्हणून नवोदयची परीक्षा आपल्या पोरांना जीवघेणी वाटते. तिकडची शाळा चांगली आहे हा काही तिचा गुन्हा नाही."

मी कागद घेतला. सहाही जणांचे फॉर्म भरायचे, हे मी तिच्यासमोरच ठरवलं. संध्याकाळचा तास सगळ्यांचा. आकृत्या शनिवारी, बाकीचे दिवस साधं गणित आणि वाचन, म्हणजे लागला नाही त्याच्याही पदरात काहीतरी राहील. ती मान हलवत होती.

"आणि 19 चं काय?" मी विचारलं. "सहाही लागली तर 15."

"सहा लागली तर पेढे वाटू," ती म्हणाली, आणि चष्मा चढवून फाईल स्वतःकडे ओढली. "शाळा व्यवस्थापन समितीची सभा लाव. ठराव लिही. या शाळेतून नवोदयला निवडलेल्या मुलांचा पट सातवीपर्यंत मूळ शाळेच्या संचमान्यतेत धरावा. ज्या शाळेनं पोर घडवलं, त्या शाळेनं त्यापायी मास्तर गमावू नये. एवढंच लिही, फार पाल्हाळ नको."

"असा नियम कुठं नाही, आत्या. वर कोण वाचणार?"

"केंद्रप्रमुखाला दे, गटशिक्षणाधिकाऱ्याला दे, पोच घे. शेजारच्या शाळांनाही लिहायला सांग, त्यांचीही पोरं जातात. मुलीच्या आजीचा अंगठा घ्यायला विसरू नकोस, तिला वाचून दाखव आधी. आणि तारीख 30 सप्टेंबरच्या आतली घाल. पट त्या दिवशीचा धरतात."